दूध कुणी आणलं? : एका गोमंतकीय लोककथेची प्रेमकादंबरी होताना

दूधसागरची गोष्ट गोव्यात कुणालाही विचारा, दोन मिनिटांत सांगून होते. घाटावर एका राजाचा वाडा होता. राजकन्या उन्हाळ्यात सख्यांना घेऊन जवळच्या तळ्यावर आंघोळीला जायची आणि आंघोळ झाली की सोन्याच्या कळशीतलं साखर घातलेलं दूध प्यायची. एके दिवशी झाडाआडून एक राजपुत्र तिला न्याहाळताना दिसला. ती लाजली. तिनं कळशीतलं दूध समोर ओतलं, त्याचा पडदा झाला आणि त्या पडद्याआड सख्यांनी तिला वस्त्रं नेसवली. तेच दूध डोंगरावरून अजून वाहतंय. संपली गोष्ट. कुळ्याहून पर्यटकांना घेऊन जाणारा जीपवाला सांगतो तेव्हाही ती एवढीच असते.

या एवढ्याशा गोष्टीची अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी प्रेमकादंबरी करायला घेतली, त्याचं हे प्रकरण. लेखिका डिचोलीत वाढलेली, फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणारी. मी तिच्या प्रकाशकासाठी हस्तलिखित संपादित करत होते. तिचं कारण साधं होतं. तिच्या वर्गातल्या मुली प्रेमकथा भरपूर वाचतात, पण इंग्रजीत, नाहीतर मोबाइलवर प्रतिलिपीसारख्या ठिकाणी क्रमशः. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेलं ‘किशोर’ मासिक हातातून सुटलं की मराठीत पुढचा मुक्काम थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांचा. मधल्या वयाला कपाटात जागाच नाही. ही जागा लोककथांतून भरावी, असं तिला वाटलं. मलाही पटलं.

तिची पहिली निवड मात्र वेगळी होती. सात देवी-बहिणी आणि त्यांचा एक भाऊ. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाय, जी पुढे चर्चमधली मिलाग्रिस सायबीण झाली, वगैरे. भाऊ खेतोबा. लईराईनं रागाच्या भरात त्याला लाथ मारली आणि पश्चात्ताप म्हणून आगीतून चालली, ही त्यातली सर्वांत जिवंत घटना. तिला लईराईला नायिका करायची होती. मी तिथंच अडवलं. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात हजारो धोंड, म्हणजे देवीचे भक्त, कडक व्रत पाळून निखाऱ्यांवरून चालतात. त्यांच्या देवीला एखादा ‘क्रश’ चिकटवायचा आणि वर म्हणायचं, साहित्याला स्वातंत्र्य हवं. स्वातंत्र्य हवंच, पण ते कुठं खर्च करायचं याचाही हिशेब असतो. शिवाय ती मुळात भावंडांची गोष्ट आहे आणि तशीच जास्त चांगली आहे. तिच्यात प्रियकर घुसवला की बहीण-भावाचं भांडण दुय्यम होतं. दूधसागरची राजकन्या कुणाची कुलदेवता नाही. सांगितली जाते त्या गोष्टीत तिला साधं नावही नाही. कादंबरीकाराला इतकी मोकळी जागा क्वचित मिळते.

झाडाआडचे डोळे

पहिला खर्डा आला तो अपेक्षेपेक्षा गुळगुळीत होता. राजकन्येचं नाव सुरंगी. हे नाव मला लगेच आवडलं. फाल्गुन-चैत्रात गजऱ्यात येणारं, वाळल्यावरही वास न सोडणारं फूल. राजपुत्र झाडाआडून तिला पाहतो, प्रेमात पडतो, तीही पडते. मग वडिलांचा विरोध, एक स्वयंवर, लग्न. दूध सांडतं ते दुसऱ्याच प्रकरणात. पुढची सगळी पानं म्हणजे त्या एका नजरेचं समर्थन.

लेखिकेनं तो वर्गातल्या काही मुलामुलींना वाचायला दिला. ही तिची पद्धत मला आवडते. शिक्षक लेखकांना हा फायदा असतो आणि बहुतेक जण तो घेत नाहीत. मुलींचा निकाल एका शब्दात आला : “स्टॉकर.” एकीनं विचारलं, “टीचर, तो बघत होता हे कळल्यावर तिला भीती नाही वाटली?” पहिल्या खर्ड्यात भीती नव्हती. लाज होती आणि लाजेच्या पाठोपाठ रोमांच.

लेखिकेनं माझ्यासमोर बचाव मांडला आणि तो कच्चा नव्हता. तिचं म्हणणं, आपल्या परंपरेत प्रेम असंच सुरू होतं. गोपींची वस्त्रं घेऊन कृष्ण कदंबावर बसतो. कालिदासाचा दुष्यंत पहिल्या अंकात झाडामागे उभा राहून शकुंतलेला आणि तिच्या सख्यांना पाहतो, मग भुंग्याचं निमित्त करून पुढे येतो. हजार-दीड हजार वर्षं कुणी हरकत घेतली नाही, ती आता का घ्यायची?

कृष्णाचं सोडून देऊ, तो देव आहे आणि ती कथा भक्तीची म्हणून वाचली जाते. कालिदासाचं उदाहरण मात्र तिच्याच विरुद्ध जातं, असं मी म्हणाले. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथं दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भर सभेत तिला ओळख नाकारतो. शाप आणि अंगठी कालिदासानं आणली. जुनी गोष्ट नव्यानं सांगताना त्यानं दोन कामं केली : नायकाला दोषातून सोडवलं आणि भेटीला उशीर लावला. पहिलं काम आपल्याला नको. दुसरं हवं. लोककथेत उशीर नसतो. पाहिलं, लाजली, ओतलं, संपलं. प्रेमकादंबरी उभीच राहते ती उशिरावर. दोघांना एकमेकांजवळ यायला जो वेळ लागतो, तेच पुस्तक.

आणि आजच्या वाचकासाठी एक गोष्ट बदललेली आहेच. खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणं २०१३ पासून आपल्याकडे दंडविधानात स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७. वर्गातल्या मुलींना कलमाचा आकडा माहीत नसेल, पण बाथरूमच्या खिडकीकडे मोबाइल वळवणारा माणूस काय असतो हे त्यांना पुरतं माहीत आहे. त्यांनी राजपुत्राला त्याच रांगेत उभं केलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

दुसरा खर्डा लेखिकेनं चिडून लिहिला असावा. त्यात राजपुत्र खलनायक झाला, सुरंगीनं त्याला दरबारात उभं करून जाब विचारला आणि शेवटी ती तलवार शिकायला निघून गेली. यावर फार लिहिण्यासारखं नाही. मुलींनी तो अर्ध्यावर ठेवला. त्यांना प्रेमकथा हवी होती आणि त्यांच्या हातात भाषण आलं होतं. भाषणं त्यांना शाळेत रोज फुकट मिळतात.

या दोन खर्ड्यांच्या मधे आम्ही एक छोटं पण पुढं फार उपयोगी पडलेलं काम केलं. फक्त आंघोळीचा परिच्छेद घेतला आणि तो कुणाच्या डोळ्यांतून लिहिलाय ते पाहिलं. पहिल्या खर्ड्यात असं होतं : “ओल्या केसांतून ओघळणारे थेंब तिच्या गोऱ्या खांद्यावरून घरंगळत होते आणि तो भान हरपून पाहत राहिला.” वाक्य राजपुत्राच्या बाजूनं उभं आहे. म्हणजे वाचकही झाडामागे उभा आहे, आणि वाचक सतरा वर्षांची मुलगी असली तर ती स्वतःलाच चोरून बघतेय. दुरुस्त केलेलं असं झालं : “पाणी छातीपर्यंत आलं तशी थंडी दातांत गेली. तळाचा दगड शेवाळलेला, अंगठा रोवून उभं राहावं लागत होतं. मग पलीकडच्या जांभळीवरचे पक्षी एकदम उडाले, आणि तिला कळलं, तिथं कुणीतरी आहे.” गोष्टीतली घटना तीच. कॅमेरा पाण्यात उतरला एवढंच. पुढं संपूर्ण कादंबरीला आम्ही हाच नियम लावला : सुरंगी बाहेरून कशी दिसते याचं एकही वर्णन नाही. तिचा रंगही सांगितलेला नाही. प्रकाशकाला मुखपृष्ठाच्या चित्रकाराला काय सांगावं हा प्रश्न पडला, तो त्याचा.

दूध कुठून आलं

तिसरी वाट एका फालतू वाटणाऱ्या प्रश्नातून निघाली. वर्गातल्या एका मुलानं विचारलं होतं की कळशीत दूध रोज आणायचं कोण. लेखिकेनं तो विनोद समजून मला सांगितला. मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा प्रश्न वाटला. लोककथा राजकन्या दाखवते, राजपुत्र दाखवते, सख्या ओझरत्या दाखवते. दूध मात्र आपोआप येतं. घाटावरच्या जंगलात दूध आपोआप येत नाही. म्हशी कुणीतरी चारतो, पहाटे उठून धारा कुणीतरी काढतो.

या डोंगरांत म्हशी राखणारा समाज खराच आहे. धनगर-गवळी. सह्याद्रीच्या गोव्याकडच्या उतारावर त्यांच्या वस्त्या आहेत; अभयारण्यं झाली तशी चराईची जागा आक्रसली. २००३ साली गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला, धनगर मागे राहिले आणि त्यांची मागणी अजून चालू आहे. तेव्हा गवळ्याचा मुलगा नायक करायचा म्हटल्यावर मी लेखिकेला आधीच बजावलं की तो बासरीवाला, निरागस, ‘निसर्गाचं लेकरू’ छापाचा नको. राजकन्येच्या प्रेमानं त्याचा उद्धार वगैरे तर मुळीच नको. त्याला धंदा असावा, धंद्याचा अभिमान असावा, आणि राजवाड्याकडून येणं बाकी असावं.

लेखिकेनं यातून जे काढलं ते मला सुचलं नसतं. विठू नावाचा तो मुलगा वाड्यावर दूध घालतो. सुरंगीला एके दिवशी कळतं की दुधात पाणी आहे. ती त्याला सगळ्यांसमोर विचारते. तो उलट उत्तर देतो, की पाणी माझ्या चरवीत नाही, तुमच्या कोठीत पडतं; खोटं वाटत असेल तर पहाटे गोठ्यावर या आणि स्वतः बघा. राजकन्या जाते. बस, सुरुवात झाली. यात नजर नाही, भांडण आहे, आणि भांडणाला कारण आहे. ती त्याच्याकडे जाते ते खरं-खोटं करायला. तिला धार काढायला जमत नाही, म्हैस लाथ मारते, तो हसत नाही, कारण हसला तर दुधाचे पैसे बुडतील. तो न हसण्याचा क्षण मुलींनी अधोरेखित करून परत दिला होता. पहिल्या खर्ड्यात चंद्र, चांदणं, गालावरची खळी असं पुष्कळ काही होतं, त्यातल्या कशालाही ही दाद मिळाली नव्हती.

कोठीतला चोर कोण, हे उपकथानक चांगलं आहे, पण ते इथं नको.

वेळेचा प्रश्नही जागेनंच सोडवला. मूळ गोष्ट उन्हाळ्यातली. दूधसागर प्रत्यक्षात पावसाळ्याचा : चार टप्प्यांत कोसळणारा ३१० मीटरचा धबधबा मे महिन्यात बारीक होतो आणि जूननंतर डोंगर पांढरा करतो. लेखिकेनं कादंबरीचं वर्ष पौषात सुरू केलं. पौषात ढालो असतो. रात्रीची जेवणं उरकून बायका मांडावर जमतात, दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून गातात, पुरुषांना त्यात जागा नसते. सुरंगी वेष पालटून सखीबरोबर गावच्या मांडावर जाते आणि तिथं तिला पहिल्यांदा कळतं की बायका एकमेकींत काय बोलतात. मग फाल्गुनात सुरंगीची फुलं, चैत्र-वैशाखात तळं आणि ऊन, वैशाखाच्या शेवटी दूध सांडतं आणि पाऊस लागतो. घाटाच्या वाटा बंद. विठू म्हशी घेऊन एका अंगाला, ती दुसऱ्या. कालिदासाला शाप आणावा लागला. सह्याद्रीत चार महिने पाऊस आहे. दोघांना पुन्हा भेटायला पुढचा पौष उजाडतो.

मधल्या भागात लेखिकेनं एकदा दुधाचं पाणी कसं झालं याचं स्पष्टीकरण द्यायचा प्रयत्न केला होता. डोंगरातला झरा, चुनखडी, फेस, असं काहीतरी. मी ते पान काढायला लावलं. लोककथेतल्या चमत्काराला कारण दिलं की तो चमत्कार राहत नाही आणि विज्ञानही होत नाही. एका कळशीत डोंगर भरेल एवढं दूध होतं, म्हणजे होतं.

बोलण्याची भाषा

निवेदन मराठीत हे ठरलेलं होतं. संवादांचं काय? दूधसागरच्या पायथ्याची माणसं घरात कोंकणी बोलतात. गवळी-धनगरांची घरची बोली मराठीच्या जवळची. वाड्यात काय बोलत असतील ते देव जाणे. गोव्यात या विषयावर तोंड उघडलं की कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्यापर्यंत गाडी जाते, म्हणून आम्ही तो वाद मुद्दाम कादंबरीबाहेर ठेवला आणि कानाला विचारलं. ढालोच्या गाण्यांत दोन्ही भाषा इतक्या मिसळलेल्या आहेत की कुठं कोणती संपते ते सांगता येत नाही. तोच आधार घेतला. सखी रागावली, घाबरली, लाडात आली की तिच्या तोंडी कोंकणीचं एखादं छोटं वाक्य येतं : “ही काणी तुका कोणें सांगली गो?” पुण्या-साताऱ्याच्या वाचकालाही प्रसंगावरून अर्थ लागतो. मागे शब्दार्थांची यादी जोडायची नाही, हा माझा हट्ट. विठू मात्र मराठीच्या जवळचं बोलतो, आणि त्यामुळं राजकन्येपेक्षा तोच निवेदनाच्या जास्त जवळ येतो. हा परिणाम ठरवून केलेला नव्हता, पण मला तो फार आवडला.

वयाचं मात्र चटकन उरकलं. पहिल्या खर्ड्यात सुरंगी पंधराची होती. गोष्टीच्या काळाला ते शोभतं, आजच्या पुस्तकाला नाही. पॉक्सो कायद्यात अठराच्या खालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात जावं अशी प्रकाशकाची इच्छा. तिला अठरा पूर्ण करून टाकली. पुस्तकात चुंबन एकच आहे, पुढच्या पौषातलं. ते ठेवावं की नाही यावर मोठी माणसं बराच वेळ बोलली. मुलींनी ते प्रकरण वाचून त्यावर एक अक्षरही काढलं नाही. त्यांची सगळी चर्चा कळशीवर होती.

कळशी

दूध सांडण्याचा प्रसंग मूळ गोष्टीचा प्राण. तो गाळला तर ती दूधसागरची कथा उरत नाही. आणि तो लाजेचा ठेवला तर तिसऱ्या खर्ड्यात केलेलं सगळं पाण्यात. लेखिकेनं मधे एक पर्याय काढला होता : राजपुत्राचे शिपाई विठूच्या मागावर आहेत, तो कड्यावरून उतरतोय, आणि सुरंगी त्याला झाकण्यासाठी दुधाचा पडदा करते. मला हा फार सुंदर वाटला. मुलींना नाही. त्यांचं म्हणणं, मग शेवटी तिनं जे केलं ते पुन्हा एका मुलासाठीच.

ठरलं ते असं. राजपुत्र आता अनोळखी वाटसरू नाही. त्याच्याशी सोयरीक ठरत आलेली आहे आणि सोन्याची कळशी ही त्याच्या घरून आलेली भेट. तो न सांगता येऊन झाडामागून मुलगी पाहून घेतो, म्हणजे माल पारखून घेतो. सुरंगीला ते कळतं. ती पाण्यातून बाहेर येत नाही, सख्यांना हाक मारत नाही. काठावरची कळशी उचलते आणि त्या झाडाकडे पाहत उपडी करते. कळशी त्याची, दूध विठूच्या म्हशीचं. पडदा होतो, सख्या धावतात, वस्त्रं येतात, डोंगर पांढरा होतो. गोष्टीतलं एकही चित्र हललेलं नाही. फक्त आता तो नकार आहे, आणि बापाला तो सगळ्या मुलखात दिसेल असा आहे. राजा सोयरीक मोडल्याचं लपवूच शकत नाही. जुनी गोष्ट नव्यानं सांगायची तर चित्र राखून त्यामागचं कारण बदलावं, हे मी बऱ्याच लेखकांना सांगत आले आहे. इतकं नेमकं जमलेलं फारसं पाहिलं नव्हतं.

सगळं सुटलंय असं मात्र नाही. वर्गातल्या मुलांची एक तक्रार उरली आहे. राजपुत्राला लेखिकेनं नावही दिलेलं नाही, त्याची बाजूही नाही. त्याला लपून बघावंसं का वाटलं, नंतर त्याला काय वाटलं, हे एका तरी प्रकरणात यावं, असं ती मुलं म्हणतात. लेखिकेला त्यांचं पटतंय. तिच्या मते हे पुस्तक वाचणाऱ्या मुलग्यांना विठू सहज आवडेल, पण स्वतःला ओळखायचं तर त्यांना त्या झाडामागेच ओळखावं लागेल. तिनं ते प्रकरण लिहूनही पाठवलं आहे, राजपुत्राच्या तोंडून, प्रथमपुरुषी. चांगलं उतरलंय, हीच अडचण. ते घेतलं तर ‘झाडामागून काहीही लिहायचं नाही’ हा आमचा नियम मोडतो, आणि जो कॅमेरा पाण्यात उतरवायला एवढा खटाटोप केला तो परत फांदीवर चढतो. मी नको म्हटलंय. तिनं ते प्रकरण आंघोळीच्या प्रसंगानंतर न ठेवता पावसाळ्यात, सोयरीक मोडून राजपुत्र घरी परतल्यावर ठेवून पाहते, असं कळवलं आहे. तिथं तो तिला पाहत नसेल, फक्त आठवत असेल, आणि आठवणीत तरी त्याला तिचा चेहरा नीट दिसू नये अशी अट मी घातली आहे. तो मजकूर आला की पुन्हा बसू.